जडसंग्रहातून रामगंगेपर्यंत

मुंबईतील कोणत्याही बऱ्यापैकी जुन्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, कापडी पाठीची एक जाडजूड नोंदवही असते. तिच्यावर ‘जडसंग्रह’ असे वळणदार अक्षरांत लिहिलेले असते आणि आत खुर्च्या, मेजे, पंखे, भिंतीवरची घड्याळे व गेल्या तीस-एक वर्षांत त्यांच्या पंक्तीला येऊन बसलेले संगणक एकाच मालिकेत अनुक्रमांक धारण करून असतात. खुर्चीला या वहीत दीर्घायुष्य लाभते. एक पाय मोडला तर सुतार येतो, वेत उसवला तर नवा विणला जातो. संगणकाच्या नशिबी ते नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने मेजावरच्या आणि मांडीवरच्या संगणकांचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे व सर्व्हरचे ६ वर्षे ठरवून दिले आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात त्यावर दरसाल ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे १०० रुपयांचे यंत्र पहिल्या सालाअखेर ६० रुपयांचे, दुसऱ्या सालाअखेर ३६ चे आणि तिसऱ्या सालाअखेर २१ रुपये ६० पैशांचे उरते. यंत्र मात्र तेव्हा बहुधा ठणठणीत असते. तरीही चवथ्या-पाचव्या वर्षी निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो, समिती बसते, लिलाव पुकारला जातो, मक्तेदाराचा टेम्पो मागच्या दाराशी लागतो आणि वहीच्या अखेरच्या रकान्यात ‘निकाली’ एवढा एकच शब्द पडतो.

हा निकाल नेमका कोठे लागतो हे आपण एकदा डोळ्यांनी पाहावे, असे लेखापरीक्षणात सारी हयात घालविलेल्या माझ्या एका स्नेह्यांच्या मनात आले आणि त्यांनी मला सोबतीला घेतले. त्यांचा एक जन्माचा स्वभाव येथेच सांगून ठेवतो, कारण पुढच्या प्रवासात तो वारंवार उपयोगी पडला: माणूस कितीही गोड बोलो वा वस्तू कितीही चमको, त्यांचा पहिला प्रश्न ‘पावती मिळेल का?’ हाच असतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, आम्ही प्रथम चौकशी केली. तेथील व्यापाऱ्यांनी सांगितले, की मोठमोठ्या कंपन्यांचे लॉट मुंबईत थांबतातच असे नाही. पुष्कळसा माल दिल्लीस जातो, कारण तो घेणारे, उघडणारे, दुरुस्त करणारे आणि जाळणारे असे चारही प्रकारचे लोक त्या बाजूस एका दिवसाच्या अंतरावर आहेत. दिल्लीची तिकिटे काढण्यास एवढे कारण पुरेसे होते.

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस हे दिल्ली विकास प्राधिकरणाने कचेऱ्यांसाठी वसविलेले स्थान. मधोमध फरसबंदी चौक, भोवती काँक्रीटच्या उंच इमारती आणि पायथ्याशी मेट्रोचे स्थानक. रचनाकारांच्या मनात येथे काय व्हावे असे होते कोण जाणे. प्रत्यक्षात मात्र ती भारतातील संगणकांची एक मोठी पेठ होऊन बसली आहे. चौकात कापडाचे ठाण विकणारे आणि संगणकाचे पडदे विकणारे शेजारी-शेजारी उभे असतात. चार पावलांवर कोणी की-बोर्डांची चळत लावून बसलेला असतो आणि पलीकडे एक मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्यावरील पिशवीचा आकार पाहूनच ‘लॅपटॉप बेचना है, सर?’ असे विचारतो. परंतु खरा व्यवहार चौकात नसून वरच्या मजल्यांवरील अरुंद बोळांत आहे, जेथे दिवसाउजेडीही दिवे लावावे लागतात.

अशाच एका खोलीत आम्ही बराच वेळ बसलो. भिंतीला लागून छतापर्यंत काळे लॅपटॉप रचलेले. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी त्यांची घराणी, आणि झाकणाच्या पाठीवर कोठल्याशा विमा कंपनीच्या वा बँकेच्या मालमत्ता-क्रमांकाची अर्धवट सोललेली चिठ्ठी. हा लॉट आला की प्रथम त्याची प्रतवारी होते: ‘ए ग्रेड’ म्हणजे ओरखडा नाही, ‘बी’ म्हणजे अंगावर खुणा पण प्रकृती चांगली, ‘सी’ म्हणजे दुरुस्तीस योग्य, आणि जे दुरुस्तही होणार नाही ते ‘डेड’. यातील ‘डेड’ हा शब्द फार सैलपणे घेऊ नये, कारण मेलेल्या यंत्राचा पडदा, बिजागरी, पंखा व मदरबोर्डावरील सुट्या अर्धवाहक चकत्या दुसऱ्या चार यंत्रांना जगवितात.

कारागीर विशी-बाविशीचा, मुझफ्फरनगरकडचा होता; बाकीचे त्याला उस्ताद म्हणत. त्याने आमच्यासमोर एक बंद पडलेले यंत्र उलटे घातले, तळाचे स्क्रू काढून ते एका चुंबकी तबकडीवर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले, आणि पोलादी पट्टीने झाकण अलगद उचकटले. आत धुळीचे करडे नमदे पंख्याच्या तोंडाशी बसले होते. ते त्याने ब्रशाने झाडले, प्रोसेसरवरील वाळून खडूसारखे झालेले लेपण पुसून नवे लावले, मल्टीमीटरच्या दोन सुया बोर्डावर ठिकठिकाणी टेकवीत एका जागी थांबला आणि म्हणाला, ‘यहाँ शॉर्ट है.’ तांदळाच्या कणीहून लहान असा एक कॅपॅसिटर तेथे बसलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली गरम हवेची नळी धरून त्याने तो उचलला, मेलेल्या दुसऱ्या बोर्डावरून तसाच एक काढून त्याच्या जागी डाख देऊन बसविला, कळ दाबली आणि पडदा उजळला. कंपनीच्या सेवाकेंद्रात अशा दोषाला बहुधा सबंध मदरबोर्ड बदलावा असे उत्तर मिळते आणि त्या उत्तराच्या किमतीने धास्तावून कचेरी यंत्रच टाकून देते. येथे मात्र तोच दोष चहा निवण्याच्या आत दूर झाला.

कचेऱ्यांतील यंत्रांनाच या पेठेत एवढा मान का, असे मी त्याला विचारले. घरगुती वापरासाठी केलेली पातळ, देखणी यंत्रे गोंदाने चिकटविलेली असतात, त्यांची स्मृती बोर्डालाच डाखलेली असते आणि बॅटरी काढताना मोडतोड होते. उलट व्यवसायासाठी केलेल्या यंत्रांत, निदान काही वर्षांपूर्वीपर्यंतच्या, स्मृतीची पट्टी खोबणीत असते, माहिती साठविणारी चकती दोन स्क्रूंवर निघते, की-बोर्ड स्वतंत्र मिळतो आणि दुरुस्तीची अधिकृत पुस्तिकाही निर्मात्याने उपलब्ध करून दिलेली असते. जुन्या फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी घातली आणि ४ जीबीच्या जागी ८ वा १६ जीबीची स्मृती बसविली, की पाच-सहा वर्षांचे यंत्र पत्रव्यवहारास, हिशेबास आणि दूरस्थ बैठकांस आणखी तितकीच वर्षे पुरते. घेणारे कोण, तर शिकवणी-वर्गांचे चालक, सनदी लेखापालांच्या हाताखालची मुले, तालुक्याच्या गावचे छायाचित्रकार आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. आमच्या स्नेह्यांनी पावती मागितली. दुकानदाराने छापील पावती तर दिलीच, वर काही महिन्यांच्या हमीचा शिक्काही मारला. स्नेही प्रसन्न झाले.

येथे थोडे विषयांतर करून एक हिशेब मांडणे अवश्य आहे, कारण तो ध्यानी घेतल्याखेरीज पुढच्या प्रवासाचा अर्थ लागत नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००३ साली रुडिगर क्यूर आणि एरिक विल्यम्स यांच्या संपादनाखाली ‘कॉम्प्युटर्स अँड द एन्व्हायरन्मेंट’ हा ग्रंथ काढला. त्यात दाखविले आहे, की १७ इंची काचनळीच्या पडद्यासह २४ किलो वजनाचा एक संगणक घडविण्यास किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी खर्ची पडते. मोटारगाडी वा शीतकपाट यांच्या बाबतीत खर्ची पडणारे इंधन वस्तूच्या वजनाच्या एक-दोन पट असते. येथे ते दसपट आहे. याचे कारण असे, की अर्धवाहक चकत्या घडविताना द्रव्याची शुद्धता अत्युच्च लागते आणि शुद्धतेची किंमत ऊर्जेतच मोजावी लागते. विल्यम्स यांच्याच गणिताप्रमाणे त्या काळच्या घरगुती संगणकाच्या संपूर्ण आयुष्यातील ऊर्जेपैकी ८१ टक्के ऊर्जा तो तयार होतानाच खर्च होते, वापरात अवघी १९ टक्के. काचनळीचे पडदे आता गेले, यंत्रे हलकी झाली, आकडे बदलले. परंतु आजच्या लॅपटॉपांविषयी निर्मात्यांनीच प्रसिद्ध केलेले कार्बनचे हिशेब पाहिले तरी बहुतांश भार कारखान्याच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वीचाच असल्याचे दिसते. क्यूर-विल्यम्स यांच्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की यंत्र पुन्हा विकून वा सुधारून वापरल्याने वाचणारी ऊर्जा ही ते मोडून धातू काढल्याने वाचणाऱ्या ऊर्जेच्या ५ ते २० पट असते. म्हणजे नेहरू प्लेसच्या त्या अंधाऱ्या बोळात डाख देणारा मुलगा पर्यावरणाची जी सेवा करतो, ती भल्याभल्या भट्ट्यांना साधणारी नाही. आणि त्याच्या हातून यंत्र निसटले, की पुढचा सारा प्रवास उताराचाच आहे.

ते निसटते कसे, याचीही दोन कारणे तेथेच दिसली. पहिले कारण मायक्रोसॉफ्टचे फर्मान. विंडोज १० ची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला. सुमारे २४ कोटी संगणक यामुळे पुनर्वापराच्या बाजारातून बाद होतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तविला होता. या यंत्रांच्या अंगी कसलाही बिघाड नाही. त्यांचा परवाना तेवढा रद्द झाला आहे. अशा यंत्रांवर लिनक्स घालून ती चालविता येतात आणि केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर सारे शिक्षण उभारून हे मोठ्या प्रमाणावर दाखवूनही दिले आहे. पण आपल्याकडील कचेऱ्यांत ‘नवी प्रणाली कोण शिकणार?’ या सवालापुढे बहुतेक चर्चा थांबते.

दुसरे कारण भीतीचे आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात काही यंत्रे निराळी ठेवली होती. त्यांच्या मधोमध ड्रिलने आरपार भोक पाडलेले होते. ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून एका कचेरीने लिलावापूर्वी हा बंदोबस्त केला होता, आणि भोक चकतीबरोबर मदरबोर्डातूनही गेले होते. माहितीची काळजी रास्त आहे; २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर ती अधिकच रास्त आहे. परंतु चकती काही ग्रॅमांची असते आणि दोन मिनिटांत बाहेर निघते. तीवरील माहिती रीतसर पुसून प्रत्येक चकतीच्या क्रमांकानिशी तसा दाखला देणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, अमेरिकेच्या मानक संस्थेची ‘८००-८८’ ही मार्गदर्शिका त्यासाठी जगभर प्रमाण मानतात, आणि इतकेही करून मन धजत नसेल तर चकती तेवढी काढून घेऊन ती एकटी चिरडावी. सबंध यंत्राला देहदंड देण्याची ही रीत मला अडाणीपणाची वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही यमुना ओलांडून सीलमपूरला गेलो. दिल्लीच्या मेट्रोची अगदी पहिली गाडी २००२ च्या डिसेंबरात याच वाटेने धावली. स्थानकातून उतरून गल्लीत शिरले, की दोन्ही अंगांस दुकाने नसून ढीग दिसू लागतात. नेहरू प्लेसला जे ‘डेड’ ठरले आणि जेथे दुरुस्तीची कोणी चौकशीच केली नाही, ते दोन्ही येथे येऊन वजनावर विकले जाते. छिन्नी, हातोडी व पेचकस एवढ्याच आयुधांनी यंत्राची हाडे-मांस वेगळी होतात: ॲल्युमिनियमचे उष्णताशोषक एका गोणीत, तांब्याच्या तारा दुसऱ्या, लोखंडी सांगाडे तिसऱ्या, प्लास्टिक रंगाप्रमाणे अलग. सर्किट बोर्डांतही जात पाहिली जाते. स्मृतिपट्ट्यांच्या कडेला सोन्याचा मुलामा असतो म्हणून त्यांचा दर वरचा, वीजपुरवठ्याच्या पेटीतील तपकिरी बोर्डांचा सर्वांत खालचा. या लोकांचे हस्तकौशल्य आणि द्रव्यपारख वाखाणण्याजोगी आहे. कोणतेही यांत्रिक चिरडणे इतके स्वच्छ वर्गीकरण करू शकत नाही. वाईट आहे ते पुढचे. दारात एक प्रौढा मांडी घालून तारेची वेटोळी सोलत होती आणि तिच्या मागे दोन-तीन वर्षांचे मूल बोर्डाच्या हिरव्या तुकड्यांशी खेळत होते. स्नेह्यांनी येथेही पावती विचारली. आकड्यांची एक चिठ्ठी त्यांच्या हाती आली, वर ना नाव, ना तारीख.

बोर्ड येथून कोठे जातात, याचे उत्तर प्रत्येकाने मानेच्या एका झटक्याने पूर्वेकडे दाखवून दिले. मुरादाबाद.

गाडी गाझियाबाद, पिलखुवा, हापूड करीत गढमुक्तेश्वरच्या पुढे गंगा ओलांडते; डब्यातील म्हाताऱ्या बायका तेथे खिडकीतून नाणे टाकतात आणि हात जोडतात. मग गजरौला, अमरोहा, आणि उसाच्या शेतांतून मुरादाबाद. शाहजहानच्या अमदानीत संभलचा सुभा सांभाळणाऱ्या रुस्तमखान दखनीने हे नगर वसविले आणि मुराद या शाहजाद्याचे नाव त्याला दिले. त्याने बांधलेली जामा मशीद आजही रामगंगेच्या काठी उभी आहे. संस्थापकाच्या नावातील ‘दखनी’ वाचून दक्षिणेतल्या प्रवाशास क्षणभर आपलेपणा वाटतो. नगराची कीर्ती मात्र पितळेची. आमच्या आजीच्या देवघरातील नक्षीचे तबक मुरादाबादी म्हणूनच ओळखले जाई, आणि ‘पीतल नगरी’ हे या शहराचे बिरुद रेल्वेच्या फलाटापासून सर्वत्र आढळते.

संगणकाचे बोर्ड येथे का यावेत, हे कोडे गल्लीबोळांतून हिंडताना आपोआप सुटते. तांबे-जस्त वितळविणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, घराघरांत ज्यांच्या मुशी आणि भट्ट्या, त्यांना पितळेचा परदेशी बाजार मंदावल्यावर तांब्याची ही नवी खाण सापडली. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१५ साली या शहराची पाहणी केली, तेव्हा देशभरातील टाकाऊ सर्किट बोर्डांचा फार मोठा हिस्सा येथे येतो असे आढळले. रीत अशी: बोर्ड तव्यावर तापवून त्यांवरील अर्धवाहक चकत्या सुट्या करायच्या, सोन्याचा अंश असलेले भाग तेजाबात बुडवायचे, उरलेले बोर्ड जाळायचे, राख कुटून चाळायची व पाण्यात धुवायची, की जड तांबे तळाशी राहते आणि करडा गाळ वाहून जातो. बोर्डाने पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमिनयुक्त द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात. तीच जळताना डायऑक्सिनसारखी विषे निर्माण होतात. डाखातील शिसे धुरात आणि राखेत जाते. कॅडमियम, बेरिलियम यांचीही तीच गत.

आम्ही गेलो तेव्हा जाळण्याचे काम उघड्यावर कोठे दिसले नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली रामगंगेच्या काठी हा घातक कचरा टाकणाऱ्यास एक लाख रुपयांचा दंड फर्माविला, धाडी पडल्या आणि धंदा घरांच्या आत वा गावांच्या आडोशाला गेला असे लोक दबक्या आवाजात सांगतात. पण नदीने आपली साक्ष फिरविलेली नाही. काठावर उतरून मी पायाने वरची वाळू दूर केली, तो खाली करड्या-काळ्या भुकटीचा थर लागला. मूठभर घेतली तर राखेपेक्षा जड, बोटांना खरखरीत, आणि उन्हात धरताच तीत काचतंतूंच्या सुया बारीक चमकल्या. त्याच काठावर पुढे टरबुजांच्या वाड्या होत्या आणि म्हशी पाण्यात बसल्या होत्या. रामगंगा खाली कनौजच्या आसपास गंगेला मिळते. एका वृद्ध ढलाईकाराला मी विचारले, की या कामाचा त्रास होतो का. तो म्हणाला, ‘बाबूजी, खोकला पितळेच्या कामातही होता. यात निदान दोन वेळचे सुटते.’ त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला वाटला नाही. कारण मुंबईतल्या ज्या कचेरीने भंगाराच्या बोलीत सर्वांत चढा भाव देणारा मक्तेदार निवडला, तिने हा खोकलाही त्याच भावात विकला होता. पावतीचा विषय स्नेह्यांनी येथे काढलाच नाही.

मुरादाबादहून रुडकीकडे जाणारी गाडी नजीबाबादवरून जाते. मराठी माणसाला हे स्थानक निमूटपणे ओलांडता येत नाही. पानिपतापूर्वी आणि पानिपतात ज्याने मराठ्यांचा घात केला त्या नजीबखान रोहिल्याचे हे गाव, आणि १७७२ साली महादजी शिंदे, विसाजी कृष्ण प्रभृतींच्या फौजांनी जवळचाच पत्थरगड घेऊन तो हिशेब चुकता केला. स्नेही म्हणाले, ‘इथे मात्र निर्लेखन झाले नाही.’

रुडकी हे गाव कालव्याचे व स्थापत्यविद्येचे. १८५४ साली खुला झालेला गंगेचा कालवा सोलानी नदीवरील जलसेतूवरून गावात येतो आणि त्याच्या दोन्ही टोकांस दगडी सिंह बसलेले आहेत. १८४७ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आता आयआयटी आहे. देहरादूनच्या रस्त्याला भगवानपूरची औद्योगिक वसाहत लागते, तेथील ई-कचऱ्याच्या एका परवानाधारक कारखान्यात आम्हांस पूर्वपरवानगीने प्रवेश मिळाला. दारातच वजनकाटा आणि प्रत्येक गोणीस चिठ्ठी; बॅटऱ्या प्रथम हातांनी अलग केल्या जातात, कारण लिथियमची एक बॅटरी चिरडयंत्रात गेली तर आग ठरलेली. मग पट्ट्यावरून माल चिरडयंत्रात पडतो, चुंबक लोखंड ओढून घेतो, भोवऱ्याच्या विद्युत्प्रवाहावर चालणारे यंत्र ॲल्युमिनियम उडवून बाजूला टाकते, धूळ शोषून पिशव्यांत जमा होते. बोर्डांच्या भुकटीतून बंद टाक्यांत रासायनिक क्रियेने तांबे व सोने वेगळे होते आणि वाफा धुऊनच धुराड्यातून सोडल्या जातात. कामगारांच्या तोंडाला मुखवटे, हातांत मोजे. चकत्या चिरडण्याचे यंत्र निराळ्या जाळीबंद खोलीत आहे, वर चित्रमुद्रणाचा डोळा. कंपनीचा प्रतिनिधी इच्छा असल्यास समोर उभा राहून आपल्या चकत्यांचे चूर्ण होताना पाहू शकतो. पावतीचे तर येथे पुस्तकच निघाले, आणि स्नेह्यांनी ते इतक्या तन्मयतेने चाळले, की व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची दिली.

हे सारे पाहून समाधान वाटले. एका टन उत्तम खनिजात सोने काही ग्रॅम असते, संगणकाच्या बोर्डांच्या टनात त्याच्या कित्येक पट; बंगळूर येथील घरगुती तेजाबी पद्धतीचा जो अभ्यास झाला, त्यात बोर्डातील सोन्यापैकी केवळ एक चतुर्थांश हाती लागत असल्याचे दिसले, तर बेल्जियमच्या होबोकेन येथील उमिकोर कंपनीच्या भट्टीत ९५ टक्के निघते. म्हणजे मुरादाबादची रीत विषारी आहे एवढेच नव्हे, उधळीही आहे. तथापि समाधानाला मर्यादा घालणारी गोष्टही येथेच समजली. उत्तमातील उत्तम भट्टीसुद्धा सर्व काही परत देत नाही. कॅपॅसिटरांतील टँटॅलम धातुमळीत जाते, चकतीच्या चुंबकांतील निओडिमियम बहुधा लोखंडाबरोबर वाहून जाते, आणि अर्धवाहक चकती घडविताना जी ऊर्जा, जे अतिशुद्ध पाणी खर्ची पडले त्यातले तर काहीच परत येत नाही. नेहरू प्लेसला जे यंत्र काही हजारांना जाते, त्याच्या धातूंचे मोल येथे काही शेकड्यांत भरते.

कायद्याचीही कैफियत थोडक्यात सांगितली पाहिजे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले व १ मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ साली ते बदलले, आणि सध्या चालू असलेले २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनी विस्तारित उत्तरदायित्वाचा भार निर्मात्यांवर टाकून २०२३-२४ व २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि त्यानंतर ८० टक्के असे पुनर्चक्रीकरणाचे उद्दिष्ट नेमून दिले आहे. ज्या संस्थेने वर्षात कधीही १,००० वा अधिक उपकरणे वापरली ती ‘घाऊक उपभोक्ता’ ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत निर्माता, नूतनीकरणकार वा पुनर्चक्रीकरणकार यांच्याच हवाली केला पाहिजे. नूतनीकरण केल्यास निर्मात्याचे उत्तरदायित्व वाढीव आयुष्याच्या मुदतीपुरते पुढे ढकलले जाते, ही तजवीज मला या नियमांतील सर्वांत शहाणपणाची वाटली. पण हे उद्दिष्ट भागविण्यासाठी निर्माते पुनर्चक्रीकरणकारांकडून जी प्रमाणपत्रे घेतात त्यांचा जो बाजार उभा राहिला आहे तो सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड या चार धातूंच्या वजनावर चालतो. धातूच्या वजनाला जेथे भाव येतो तेथे चालते यंत्र चिरडण्याचा मोह उत्पन्न होणारच. शिवाय नेहरू प्लेसच्या उस्तादाला या नोंदणीची वाट दाखविणारा कोणी नाही. सीलमपूरच्या पारखी हातांना मजुरी देऊन रुडकीच्या टाक्यांशी जोडावे, एवढी साधी सोय करण्यासही कोणी पुढे येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणास गेल्याची नोंद आहे. बाकीच्याची वाट आम्ही नुकतीच चालून आलो होतो.

ज्यांच्या सहीने कचेरीतील यंत्रे बाहेर जातात त्यांना माझे सांगणे एवढेच आहे: यंत्र पाच वर्षांचे झाले म्हणून काढू नये, ते काम देईनासे झाले म्हणजे काढावे, काढण्यापूर्वी चकती व स्मृती बदलून पाहावी, तरीही नको असेल तर माहिती पुसून, यंत्र अखंड ठेवून, प्रथम नूतनीकरणकाराला विचारावे, आणि जे उरेल तेच पुनर्चक्रीकरणास द्यावे. महाराष्ट्रात यासाठी दिल्ली-रुडकी गाठावी लागत नाही. ठाणे, रायगड व पुणे जिल्ह्यांत असे परवानाधारक कारखाने आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या याद्या मिळतात. निविदेत सर्वांत चढ्या भावाची अट घालू नये, कारण प्रदूषणाचा खर्च चुकविणाऱ्यालाच तो भाव परवडतो. आणि माल गाडीत चढविण्यापूर्वी परवान्याची मुदत व त्यावर लिहिलेली वार्षिक क्षमता हे दोन्ही वाचून घ्यावेत. आमच्या स्नेह्यांच्या अनुभवाप्रमाणे निम्मी लबाडी तेथेच सापडते.